बालवाडीत बटणांचा रोबो: आधी पाय, मग बटण

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका टीचरांचा आहे. थोडक्यात असा: मराठी प्राथमिक शाळेला जोडून एलकेजी-यूकेजीचा वर्ग सुरू झालाय. मुलं ३२, वयं साडेतीन ते सहा. गावच्याच, सध्या पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं पाठीवर बाणांची बटणं असलेले दोन रोबो भेट दिलेत, एक मधमाशीच्या आकाराचा आणि एक उंदराच्या. मुलं धडाधड बटणं दाबतात, रोबो भलतीकडेच जातो, मग ओढाओढी आणि रडारड. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या, अध्यक्षांचं म्हणणं, गॅदरिंगला पालकांपुढं मुलांचं ‘कोडिंग’ दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी पट वाढेल. टीचर विचारतात, यातून नेमकं शिकवायचं काय, एवढ्या मुलांत कसं, आणि पैसे जमले तर आणखी रोबो घ्यावेत का?

मी बेळगावात शहापूर भागात बरीच वर्षं बालवाडी चालवली. आता खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या अंगणवाडी आणि एलकेजीच्या टीचरांच्या प्रशिक्षणाला जात असते. भेट आलेले असे रोबो मला दोनच ठिकाणी दिसतात: मुख्याध्यापकांच्या कपाटात काचेमागं, नाहीतर वर्गाच्या कोपऱ्यात, एक चाक गायब होऊन. तुम्ही वापरायचं कसं म्हणून विचारताय, हेच पुष्कळ झालं.

प्रश्न तीन आहेत, पण मुळाशी मला एकच अडचण दिसते. मूल बटण दाबतं आणि रोबो पळतो, या दोन्हींच्या मधे काहीच घडत नाही. आवाज आला, दिवे लागले, मजा आली, संपलं. एवढं तर जत्रेतल्या चावीच्या मोटारीतही होतं. या खेळण्याची किंमत आहे ती मधल्या वेळात. वाटेची बटणं दाबून झालीत, रोबोला चालू करायचं ‘गो’ बटण अजून दाबलेलं नाही, आणि मूल बोट ठेवून सांगतंय की हा इथं जाऊन थांबणार. तो वेळ मुलाला मिळवून देणं हे आपलं काम. त्याला कोडिंग म्हणा की आणखी काही म्हणा, मला फरक पडत नाही.

कशावर काय अवलंबून आहे तेही आधीच सांगून ठेवते. तुमच्याकडे मदतनीस आहे की एकट्याच आहात, वर्गाची जमीन कशी आहे, पावसाळ्यात लाइट किती तास असते, मुलांत साडेतीनची किती आणि साडेपाचची किती, यावर बरंच ठरतं. साडेतीनच्या मुलाकडून मी एक बटण दाबणं आणि काय झालं ते बघणं, यापुढची अपेक्षा करत नाही. चार-साडेचारला सरळ रेषेत पुढं-मागं. पाचला एक वळण. सहाला टेकलेलं मूल दोन वळणांची वाट आधी ठरवून मग दाबतं, पण तेही सगळ्यांना जमतं असं नाही, आणि नाही जमलं म्हणून काही बिघडत नाही. मोठ्यांचं बघून छोट्यांनी तेच करावं म्हणून घाई केली की छोटी नुसतीच बटणं बडवायला लागतात. तुमच्या वर्गातली निम्मी ओढाओढी मला यातलीच वाटते.

ही खेळणी काल-परवा आल्यासारखी वाटतात, पण कल्पना जुनी आहे, आणि ती कशी घडली हे माहीत असलं तर वर्गात उपयोग होतो. १९६७ मध्ये अमेरिकेत वॉली फर्झिग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. पुढं तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारं एक यांत्रिक कासव आलं. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हाला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते, त्यामुळं मूल विचार कसं करतं याकडे त्यांचं लक्ष. कासव कुठं वळेल हे कळेना तर मुलानं स्वतः कासव होऊन चालून बघावं, हा त्यांचा आग्रह. अंगाला कळलं की डोक्याला कळायला सोपं जातं. पण लोगोत आज्ञा टाइप कराव्या लागायच्या, आणि चार वर्षांच्या मुलाला कुठलं टायपिंग! यावर १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात रेडिया पर्लमन यांनी आधी बटणांची पेटी केली आणि मग खाचांमध्ये आज्ञेचा एकेक पत्ता, म्हणजे कार्ड, बसवायचं यंत्र. (याच बाईंनी पुढं संगणकांच्या जाळ्यांसाठी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधली. बालवाडीच्या मुलांसाठी केलेलं काम मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.)

बटणं असताना पत्ते कशाला? कारण दाबलेलं बटण नंतर दिसत नाही. तुमच्या मधमाशीचीही तीच गोम आहे. मुलानं पाच बटणं दाबली, ती तिच्या पोटात गेली. आता रोबो चुकला तर कितवं बटण चुकलं हे मुलाला सांगता येत नाही, तुम्हालाही नाही. चूक सापडायला ती डोळ्यांसमोर पडलेली हवी. महागड्या खेळण्यांनी हे आपापल्या परीनं सोडवलंय. क्युबेट्टोमध्ये लाकडी फळीवर रंगीत ठोकळे बसवायचे, किबोमध्ये लाकडी ठोकळ्यांवरचे बारकोड रोबोला वाचायला द्यायचे. आपल्याला जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे आणि जाड मार्कर पुरतो. प्रत्येक तुकड्यावर एक बाण. पुढं, मागं, डावीकडं वळ, उजवीकडं वळ. मुलानं आधी पत्ते ओळीनं मांडायचे, मग एकेका पत्त्यावर बोट ठेवत तेच बटण दाबायचं.

पण पत्त्यांच्याही आधी पाय. निदान पहिले दोन-तीन आठवडे दोन्ही रोबो कपाटात राहू देत. अंगणात खडूनं मोठे चौकोन आखा, एका चौकोनात एका मुलाचे दोन्ही पाय आरामात मावतील एवढे. ठिकरी खेळणाऱ्या मुलांना चौकोन नवे नाहीत. एक मूल रोबो, दुसरं चालवणारं. चालवणाऱ्यानं रोबोच्या पाठीवर मधोमध थाप दिली की एक घर पुढं. उजव्या खांद्यावर थाप दिली की उजवीकडं वळायचं, डाव्यावर दिली की डावीकडं. रोबोनं स्वतःची अक्कल चालवायची नाही, सांगितलं तेवढंच करायचं. भिंत आली तरी थाप बसली तर भिंतीवर टेकायचं. मुलांना हा अडाणी रोबो इतका आवडतो की भिंतीवर नेऊन आदळायची चढाओढ लागते. लागू दे. सांगितलं तेवढंच घडतं, हे त्यातूनच पक्कं होतं.

खांद्यावरच्या थापेचा आपल्या भागात आणखी एक फायदा आहे. वर्गात घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. निपाणीकडच्या एका अंगणवाडीत एक मूल ‘पुढं पुढं’ ओरडत होतं आणि दुसरं ‘मुंदे मुंदे’, आणि मधे रोबो झालेली पोरगी दोघांकडं बघून हसत उभी. थाप आणि बाण यांना भाषा लागत नाही. शब्द मागाहून आपोआप येतात, दोन्ही भाषांतले येतात. ते दुरुस्त करत बसू नका.

आता वळणाकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. उजवा बाण दाबला की रोबो उजवीकडच्या घरात जाईल, असं जवळपास प्रत्येक मुलाला वाटतं. मोठ्यांनाही वाटतं, प्रशिक्षणात मी दर वेळी बघते. ही खेळणी तसं करत नाहीत. ती जागच्या जागी काटकोनात वळतात आणि तिथंच थांबतात, पुढच्या घरात जायला पुढचा बाण वेगळा दाबावा लागतो. जांबोटीकडच्या एका मुलानं मला तक्रार केली होती, “टीचर, हे वळलं खरं, गेलंच नाही की!” त्याच्या तक्रारीत सगळा धडा आला. वळणं एक काम, जाणं दुसरं काम. हे तोंडी समजावू नका. त्याला अंगणातल्या चौकोनात उभं करा, खांद्यावर थाप द्या आणि विचारा, तू आता कुठल्या घरात आहेस? मूल पायांकडं बघतं, घर तेच असतं, तोंड मात्र दुसरीकडं. हे एकदा पायांना कळलं की वळणाच्या पत्त्यामागं पुढचा पत्ता मांडायला मूल विसरत नाही. विसरलंच तर मित्र आठवण करतात.

डावं-उजवं हे दुसरं दुखणं. रोबो मुलाकडं पाठ करून उभा असेल तोवर ठीक. तो वळून मुलाकडं तोंड करून आला की मुलाचं उजवं आणि रोबोचं उजवं उलटं होतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं अवघडच असतं. मी रोबोच्या उजव्या बाजूला लाल टिकली चिकटवते, उजव्या वळणाच्या पत्त्याला लाल कडा काढते आणि मुलांच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधते. ‘जेवायचा हात’ अशी खूण सांगायची पद्धत आपल्याकडं आहे, पण वर्गात एखादं डावखुरं मूल असतंच, म्हणून दोरा बरा. आणि मुलाला एका जागी बसवून ठेवू नका. रोबोच्या मागं जाऊन उकिडवं बसू दे, तो वळला की त्याच्यामागं फिरू दे. काही टीचरांना हे बेशिस्त वाटतं. मला उलट मांडी घालून लांबून बटण दाबणारं मूल दिसलं की काळजी वाटते.

मोजण्यातली एक चूक मात्र नीट बघण्यासारखी आहे, कारण ती रोबोच्या निमित्तानं उघडी पडते, एरवी पहिली-दुसरीपर्यंत लपून राहते. एका वर्गात पाच वर्षांची एक मुलगी मधमाशीला आंब्याच्या चित्रापर्यंत नेत होती. आंबा चार घरं पुढं. तिनं मधमाशी उभी होती त्याच घरावर बोट ठेवलं, “एक”, मग दोन, तीन, चार आणि आंब्यावर “पाच”. पुढच्या बाणाचे पाच पत्ते मांडले, पाच वेळा बटण दाबलं, गो. मधमाशी आंब्यावरून पुढं निघून गेली. मुलीनं पुन्हा मोजलं, पुन्हा पाचच आले. तिसऱ्यांदा मोजताना तिचा आवाज चढला होता, कारण मोजणं बरोबर होतं आणि मधमाशी तरी ऐकेना. तिच्या टीचरांनी काही सांगितलं नाही. तिला अंगणात नेलं, तेवढीच घरं दाखवली आणि म्हणाल्या, उडी मारून जा बघू, आणि उड्या मोज. पहिली उडी मारली तेव्हा ती दुसऱ्या घरात पोचली होती. “एक” म्हणताना ती तिथंच थबकली. मग घाईघाईनं उरलेल्या उड्या मारल्या, आत पळाली आणि एक पत्ता उचलून बाजूला ठेवला.

घरं मोजायची नाहीत, उड्या मोजायच्या. ५ + ३ करताना संख्यारेषेवर पाचावरच बोट ठेवून ‘एक’ म्हणणारी आणि उत्तर ७ लिहिणारी मुलं पहिलीच्या टीचरांना पैशाला पासरी भेटतात. मूळ हेच. रोबो ही चूक तिथल्या तिथं दाखवतो, लाल शाईनं खूण न करता, आणि मुलाला ती स्वतः सुधारता येते. एवढं एकच काम त्या मधमाशीनं वर्षभरात तुमच्या वर्गात केलं तरी मी तिला पास करीन.

चूक झाली की काय म्हणायचं, हे टीचरनं ठरवून ठेवावं. “अगं, असं नाही, असं,” म्हणत आपला हात बटणाकडं गेला की खेळ संपला. माझे प्रश्न ठरलेले असतात. गो दाबायच्या आधी: कुठं थांबेल, बोट ठेव. चुकल्यावर: कुठपर्यंत बरोबर गेलं? कुठल्या पत्त्यापासून बिघडलं? मग मूल तो एकच पत्ता बदलतं. सगळे पत्ते उधळून पुन्हा पहिल्यापासून मांडायला निघालं तर तेवढं मात्र थांबवा, कारण नेमकी चूक शोधायची सवय तिथंच लागते. आणखी एक: जुनी बटणं रोबोच्या पोटात राहतात. मधमाशीच्या जुन्या मॉडेलमध्ये अशा ४० आज्ञा मावतात. पुसायचं बटण न दाबता नवी वाट दिली की ती आधी जुनी वाट चालते आणि मगच नवी. तुमचा रोबो ‘भलतीकडेच जातो’ त्याचं निम्मं कारण हेच असणार. आमच्याकडं मुलं नवी वाट द्यायच्या आधीच ‘पोट रिकामं!’ असं ओरडून एकमेकांना आठवण करतात.

यातून खरंच काही होतं का, असं कुणी विचारलं तर सांगायला एक अभ्यास आहे. मरिना बर्स आणि त्यांच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवडाभर रोबो आणि आज्ञांचं काम केलेल्या बालवर्गातल्या मुलांना गोष्टीची चित्रं क्रमानं लावणं आधीपेक्षा चांगलं जमलं. मुलं थोडी होती आणि काळही थोडा, त्यामुळं यावरून ‘रोबोनं बुद्धी वाढते’ असा फलक लावू नका. पण क्रमाचं आणि गोष्टीचं नातं आहे, हे वर्गात मलाही दिसतं. पत्ते मांडताना “आधी, मग, नंतर, शेवटी” हे शब्द मुलं न शिकवता वापरायला लागतात.

आता ३२ मुलं आणि दोन रोबो. सगळ्यांना गोल बसवून मधे रोबो ठेवला तर एक मूल दाबतं आणि ३१ ढकलाढकली करतात. आपल्या कर्नाटकातल्या टीचरांना नलिकली ही खेळत शिकायची पद्धत नवी नाही. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ती सुरू झाली, आणि पहिली ते तिसरीला मुलं गटागटानं आपापल्या पायरीवर काम करतात, टीचर एका वेळी एकाच गटाजवळ बसतात. तीच बसण्याची रीत इथं घ्या. एका कोपऱ्यात रोबोचा गट, चार किंवा पाच मुलांचा, पंधरा-वीस मिनिटं. बाकीची माती, ठोकळे, चित्र, पुस्तकं. रोबोच्या गटात कामं वाटून द्या: एक पत्ते मांडणार, एक बोट फिरवून वाट दाखवणार, एक बटणं दाबणार, एक ‘थांबेल इथं’ म्हणून खडा ठेवणार. फेरी झाली की कामं बदलायची. बटणवाल्याला मुलं राजा समजतात, म्हणून मी खडा ठेवणाऱ्याचं कौतुक जरा जास्त करते. खरा विचार तोच करत असतो.

मदतनीस नसेल तर एकच रोबो काढा आणि तोही आठवड्यातून दोन दिवस. रोज काढलाच पाहिजे असं काही नाही. रोबो नसला तरी बालवाडी चालते. माती, वाळू, पाणी आणि गोष्ट नसेल तर मात्र अडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेलं आणि पुढं कोसबाडला नेलेलं काम आठवा. बिया, शिंपले, खडे, पानं हीच त्यांची साधनं. रोबो आला म्हणून ती टोपली माळ्यावर टाकू नये, उलट रोबोच्या वाटेवर तीच मांडावी. खानापुरात तर कौलं आणि कुंभारकाम घरचंच. मुलांना मातीचं देऊळ, गिरणी, बसस्टॉप, विहीर करू द्या, वाळवा आणि चटईवर ठेवा. ‘मधमाशीला गिरणीवरून देवळात न्यायचंय, विहिरीत पडू द्यायची नाही’ एवढं सांगितलं की अर्धा तास जातो, आणि मुलं गावाचा नकाशा करतायत हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

चटईचं सांगते, कारण यावर टीचर उगाच पैसे घालवतात. बी-बॉट ही टीटीएस या इंग्लंडच्या कंपनीची मधमाशी एका पावलात १५ सेंटिमीटर जाते. लर्निंग रिसोर्सेसचा उंदीर ५ इंच, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास. दोघांना एकाच चटईवर सोडलं की उंदीर दर पावलाला अडीच सेंटिमीटर मागं पडतो आणि सहा पावलांत पूर्ण एक घर चुकतो. मुलाची वाट बरोबर, पत्ते बरोबर, तरी उत्तर चूक. मुलाचा स्वतःवरचा विश्वास जायला यापेक्षा सोपा मार्ग नाही. म्हणून दोघांच्या चटया वेगळ्या. तुमचे रोबो त्या कंपन्यांचे नसून त्यांच्यासारखे दिसणारे असतील तर पाऊल किती ते पट्टीनं मोजून घ्या. यूकेजीतली मोठी मुलं हे मोजायला तयारच असतात.

शहाबादी फरशीवर थेट चालवू नका. सांध्यात चाक अडकतं आणि वळण काटकोनात होत नाही. शेणानं सारवलेल्या किंवा खडबडीत कोब्यावर तर विचारूच नका. गणपती झाले की मंडळांकडे जुने फ्लेक्स पडलेले असतात. एक मागून आणा. त्याची मागची पांढरी बाजू वर करा, मार्करनं १५ सेंटिमीटरचे चौकोन आखा. सहा बाय पाच घरांना साधारण तीन फूट बाय अडीच फुटांचा तुकडा पुरतो. घडी न घालता गुंडाळून ठेवायचा, कारण घडीच्या रेघेवर रोबो हमखास तिरका होतो. कडा चिकटपट्टीनं जमिनीला दाबून टाका. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा आली की चार्जिंगला लावायची सवय ठेवा. चार्ज उतरत आला की वळण अपुरं होतं आणि तीही चूक मुलांच्याच माथी बसते. अशा दिवशी सरळ पाठीवरच्या थापांचा खेळ घ्या.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: आधी अंगणात पायांनी, मग पुठ्ठ्याच्या पत्त्यांनी, मग सरळ रेषेत रोबो, आणि वळण सगळ्यांत शेवटी. प्रत्येक वेळी गो दाबण्याआधी ‘कुठं थांबेल’ हा प्रश्न. दिवाळीपर्यंत वळणाशी पोचला नाहीत तरी चालेल.

गॅदरिंगबद्दल. अध्यक्षांची काळजी खोटी नाही, पट घसरला की वर्ग बंद पडायची भीती आपल्या मराठी शाळांना कायमच असते. पण स्टेजवर पाठ केलेली वाट चालवून दाखवणं मला पटत नाही. एक तर मागच्या रांगेला वीतभर मधमाशी दिसणार नाही. दुसरं, स्टेजवर रोबो चुकला की हशा होतो आणि ते मूल पुढं महिनाभर बटणाला हात लावत नाही. त्याऐवजी मैदानात एक कोपरा मागून घ्या, मोठे चौकोन आखा आणि मुलांना पालकांना चालवू द्या. आई-बाबा रोबो, मूल चालवणारं. बाबांना वळून थांबायचं असतं हे माहीत नसतं, ते सरळ शेजारच्या घरात जातात, आणि पाच वर्षांचं मूल त्यांना हात धरून परत आणतं. पालकांना यातून जे कळतं ते भाषणातून कळत नाही. आणि ‘कोडिंग’ हा शब्द फलकावर हवाच असेल तर लिहा, त्यावरून अध्यक्षांशी वाद घालू नका.

राहिली खरेदी. आणखी रोबो घेऊ नका. दोन पुरतात. चार-पाच मुलांच्या गटाला एकच लागतो, दुसरा पहिलीच्या वर्गाला द्या, तिथं संख्यारेषेला तो फार कामाला येतो. टॅबलेटवर चालणारे रोबो या वयाला मी घेतलेच नसते. या खेळण्याला पडदा नाही, हाच तर त्याचा मोठा गुण. कुणी स्वस्तातला रोबो आणून दिलाच तर दोन गोष्टी तपासा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, ती खोक्यावर बघा. आणि सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का ते बघा. रिमोटमध्ये घड्याळासारखा चपटा सेल असेल तर तो रिमोट वर्गात आणूच नका. तसला सेल मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. असं झाल्याची नुसती शंका आली तरी उलटी व्हायची वाट न बघता तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हे मदतनीस बाईंनाही सांगून ठेवा.

पैसे जमलेच तर त्यातून जाड पुठ्ठा, मार्कर, एक मोठी वाळूची हौदी आणि गोष्टीची चित्रं घ्या. पुण्याच्या त्या माजी विद्यार्थ्याला काही मागायचं असेल तर तिसरा रोबो मागू नका. या दोन्हींचं बिल, एक जादा चार्जिंग वायर, आणि सुटी चाकं मिळत असतील तर ती मागा.